दो साब आणि चोपन्नची केबिन

"अभिनंदन! चाळीस वर्षं झाली आणि तू अजून कोणीही झालेला नाहीस!"

सिंगापुरात, चोआ चू कांगमधल्या आमच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये मी केक कापायला सुरी उचलली होती, आणि माझ्या सासऱ्यांच्या देखत हे वाक्य ज्याने ठणठणीत आवाजात म्हटलं, त्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. कोणाच्या तरी ओळखीने आला होता. बुटका, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या शर्टाला अशी इस्त्री की कॉलर टोचावी. हातात ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा. मागे एक शांत चेहऱ्याच्या बाई, आणि बाईंच्या ओढणीआड आठेक वर्षांची मुलगी. मुलीने कपाळावर हात मारला होता. म्हणजे हे नेहमीचं होतं.

सासरे मात्र खूश झाले. गेली दहा वर्षं त्यांना नेमकं हेच म्हणायचं होतं.

"चाळीसची केबिन म्हणजे लेका, खचाखच भरलेली," खुर्ची ओढून तो गृहस्थ म्हणाला. "आत कोण बसलाय? एक अमेरिकन. फौज सोडली. शेती केली, ती फसली. रस्त्यावर उभा राहून सरपण विकलं. आणि चाळिशीला टेकताना बापाच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली, गिऱ्हाइकं बघत होता! मग युद्ध पेटलं. पुढे सगळ्या फौजेचा जनरल. त्याच्याही पुढे देशाचा अध्यक्ष. तू अजून दुकानात आहेस. तुझं युद्ध पेटायचंय."

"नाव काय त्यांचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाव घेतलं की तुम्ही पुतळा बघायला लागता. माणूस बघायचा राहून जातो. दुकानातला जनरल म्हणा."

गुहागरच्या या गृहस्थाचं स्वतःचं नाव खांबेटे. पण तेही कोणी घेत नसे. जहाजावर माणसाला नाव नसतं, हुद्दा असतो. चीफ इंजिनियर तो बडा साब, सेकंड इंजिनियर तो दो साब, मग तीन साब, चार साब. खांबेटे सेकंड इंजिनियर असताना जहाज सोडून तुआसच्या एका शिपयार्डात लागले, आणि जमिनीवर आले तरी दो साबच राहिले. बडा साब व्हायची परीक्षा त्यांनी दिली होती. कितीदा दिली, हे त्यांच्या बायकोला, शैलावहिनींना, विचारायचं नाही असा घरात अलिखित नियम होता.

जहाजाचाच न्याय त्यांनी इतिहासाला लावला होता. जगातल्या थोर माणसांचं एक भलंमोठं जहाज आहे, आणि त्यात प्रत्येक वयाची एक केबिन आहे. त्या वयापर्यंत ज्यांना काहीही जमलेलं नाही, पण पुढे जमणार आहे, अशांनाच त्या केबिनमध्ये जागा. कीर्ती झाली की केबिन सोडायची. मेला, तरी सोडायची. विशीच्या केबिनमध्ये पाय ठेवायला जागा नाही. तिशीतही गर्दी. पुढे मात्र एकेक जण उठून जाऊ लागतो. पन्नाशीपर्यंत दुकान बुडवून आणि निवडणुका हरून बसलेला उंच वकील देशाचा अध्यक्ष होतो आणि उठतो. समुद्रावर वेळ दाखवणारं घड्याळ बनवणारा इंग्लिश सुतार म्हातारा होईपर्यंत पूर्ण बक्षिसासाठी भांडतो, मग उठतो. सिगारवाला पासष्टाव्या वर्षी पंतप्रधान होऊन उठतो. सगळ्यात शेवटच्या केबिनमध्ये एक अमेरिकन शेतकरीण आजी असते. भरतकाम करून करून बोटं आखडली, तेव्हा पंचाहत्तरी उलटल्यावर तिने चित्रं काढायला घेतली.

"आजी आहे तोपर्यंत घाबरायचं नाही," दो साब म्हणत.

हे सगळे इंग्लिश आणि अमेरिकनच का? तर त्यांच्या पहिल्या जहाजावर कुणा ब्रिटिश कॅप्टनने मागे सोडलेली चरित्रांची एक पेटी होती. खारी हवा खाऊन पुस्तकं पावासारखी फुगलेली. वॉच, म्हणजे इंजिनावरची पाळी, संपली की दो साब तीच वाचत, कारण दुसरं काही नव्हतंच. मी एकदा म्हटलं, आपल्याकडची माणसं घ्या की. त्यावर ते दुखावल्यासारखे म्हणाले, "आपल्या चरित्रांतली माणसं जन्मतःच थोर असतात रे. चौथ्या वर्षी संस्कृत, आठव्या वर्षी घोडा. त्यांचा मला काय उपयोग?"

त्यांच्या या औषधाचे डोस कुठेही, कोणालाही, न मागता मिळत. आमच्यापैकी एकाचा हात मोडला, तर हे संत्री घेऊन गेले आणि एका हाताच्या, एका डोळ्याच्या इंग्लिश ॲडमिरलने कशा लढाया मारल्या ते सांगून आले. "आणि समुद्र लागायचा त्याला! ॲडमिरल असून ओकायचा! तुला निदान ओकारी तरी नाही." प्लॅस्टरवाला मित्र आठवडाभर कोणाचा फोन घेत नव्हता.

हा ॲडमिरल सत्तेचाळिसाव्या वर्षी लढाईत गोळी लागून गेला. त्यामुळे दो साब ज्या दिवशी अठ्ठेचाळीसचे झाले, त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना बुकित बातोकच्या त्यांच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांत, बोलावलं. कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप उंचावून उभे राहिले. शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा नूडल्स थांबवून बघू लागले.

"मित्रहो, आज आम्ही ॲडमिरलला मागे टाकलं!"

"कशात?" शैलावहिनींनी विचारलं.

"वयात."

"त्यांना लढून जमलं नाही, ते तुम्ही बसून केलंत."

सगळ्यात मोठ्याने दो साबच हसले. मग आजोबांना जाऊन इंग्रजीत सगळी गोष्ट सांगून आले. आजोबांनी त्यांचं वय विचारलं आणि इथल्या सवयीचा 'लाह' लावून म्हणाले, "फॉर्टी-एट? स्टिल बॉय, लाह." दो साब उड्या मारत परत आले. शेवटच्या केबिनमधल्या आजीने स्वतः पत्र पाठवावं तसा आनंद.

इतकं वर्णन ऐकून तुम्हाला वाटेल, मजेशीर माणूस. तसाच होता. पण त्या केबिनी तो आमच्यासाठी मोजत नव्हता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

ते चोपन्नचे झाले त्या वर्षी शिपयार्डने त्यांचा विभाग बंद केला. इथे नोकरी गेली की कामाचा पास, म्हणजे राहण्याचा परवानाच, जातो, त्याच्यामागे बायकोचा पास जातो, आणि नवी नोकरी शोधायला उरतात जेमतेम काही आठवडे. ईरा, ती ओढणीआडची मुलगी, आता दहावीच्या तोडीच्या ओ-लेव्हलला होती. परीक्षा वर्षाअखेर. तिथून तिला उचलून पुण्यात नेऊन बसवायचं म्हणजे चार वर्षांची मेहनत पाण्यात. दो साबना एवढंच हवं होतं, की तिची परीक्षा होईपर्यंत हे घर जागचं हलू नये.

त्यांनी अर्जांचा धडाका लावला. माझा इंग्रजी ड्राफ्ट बरा, म्हणून मला रोज फोन. आणि रोज फोनवर पहिला प्रश्न तोच.

"पाठक्या, चोपन्नच्या केबिनमध्ये कोण आहे रे?"

"सिगारवाला आहे की."

"तो लहानपणापासून राजवाड्यात. पंचविशीत संसदेत. पदावर नव्हता म्हणजे काही बेकार नव्हता. तो नको. माझ्यासारखा सांग."

"सुतार?"

"त्याच्याकडे घड्याळ होतं. माझ्याकडे काय आहे?"

मी आजीचं नाव काढलं. ते म्हणाले, "मधे वीस वर्षं रिकामी आहेत रे. चोपन्नपासून आजीपर्यंत सगळा कॉरिडॉर अंधार."

एका सागरी कंपनीने शेवटी मुलाखतीला बोलावलं. मी त्यांना सोडायला गेलो होतो, म्हणून पुढचं मला त्यांच्याच तोंडून लगेच, गाडीत बसता बसता, ऐकायला मिळालं. समोर एक तरुण मुलगी. अत्यंत नम्र. तिने विचारलं, स्वतःबद्दल सांगा. आता हा प्रश्न दो साबना विचारणं म्हणजे गवयाला सूर देणं. ते म्हणाले, "मॅडम, ॲट प्रेझेंट आय ॲम इन द लेदर शॉप." आणि खुर्चीच्या कडेला सरकून जनरलची गोष्ट सुरू केली. सरपण, धाकटे भाऊ, युद्ध. अगदी बिगुलाच्या आवाजासकट.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. समोरचा कागद दोनदा उलटून पाहिला. मग हळूच म्हणाली, "सर, बट युवर रेझ्युमे हॅज नो लेदर एक्सपीरियन्स?"

गाडीत आम्ही दोघं एवढे हसलो की मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. डोळे पुसून ते म्हणाले, "पोरगी चांगली आहे रे. खाली लिफ्टपर्यंत सोडायला आली. नोकरी द्यायची नसली की लिफ्टपर्यंत येतात." आणि मग बुकित बातोक येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला रेडिओ लावायचंही धैर्य झालं नाही.

पासाचा शेवट जवळ आला तेव्हा एका सकाळी शैलावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे नदीवर गेलेत. पुतळ्याकडे. जरा बघून येता का?"

नदीकाठी एका इंग्लिश साहेबाचा पांढरा पुतळा आहे. हाताची घडी घालून उभा. हे शहर त्याने वसवलं असं इथे शिकवतात. पर्यटक त्याच्यासारखीच घडी घालून फोटो काढतात. दो साब त्या रांगेतून बाजूला उभे होते आणि मान वर करून, अगदी शांतपणे, पुतळ्याला झापत होते.

"तुझी चारेक मुलं वारली. तुझं जहाज पेटलं, आयुष्यभर जमवलेलं सगळं समुद्रात जळालं. पंचेचाळिसावा वाढदिवस उद्यावर आला आणि आज तू मेलास. आणि घडी घालून उभा आहेस! हात सोड ना! एकदा तरी डोक्याला हात लाव, म्हणजे मला बरं वाटेल!"

एक जपानी बाई फोटोसाठी ते बाजूला व्हायची वाट बघत होती. दो साबनी तिला वाकून जागा दिली, तिचा फोन घेतला, तिचा छान फोटो काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "याला मी कुठल्याच केबिनमध्ये घेतलं नव्हतं. लवकर मेला म्हणून. चुकलंच. याच्याइतका बुडालेला दुसरा नाही."

मी त्यांना घरी आणलं. जेवणं व्हायची होती. ईरा टेबलावर गणितं सोडवत होती, कान आमच्याकडे. दो साब पाणी प्यायले आणि सवयीने सुरू झाले, "तरीपण शैला, जनरलसुद्धा एवढाच..."

"पप्पा, प्लीज," ईरा वर न बघता म्हणाली. "नॉट द जनरल अगेन, लाह."

"ऐक तरी..."

"मी ऐकलंय!" तिने पेन आपटलं. "सगळे तुझे अंकल शेवटी जिंकतात. यू नो व्हाय? बिकॉज जे हरले, त्यांची बुकंच कोणी लिहिली नाहीत!"

दो साबांचा चेहरा असा झाला, की केबिनचं दार उघडावं आणि आत कोणीच नसावं. मला वाटलं वहिनी मुलीला रागावतील. त्यांनी गॅस बारीक केला, हात पुसले आणि नवऱ्यासमोर येऊन बसल्या.

"मी आजवर विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "आज विचारते. त्या जनरलला बायको होती ना?"

"होती."

"तो सरपण विकत होता तेव्हा ती काय करत होती, ते तुम्हाला माहीत नाही. जाऊ दे. शेवटी तिचं काय झालं, तेवढं सांगा."

मी दो साबना ही गोष्ट शंभरदा सांगताना ऐकलं असेल. दरवेळी ती जनरल अध्यक्ष झाला की संपायची. त्या दुपारी पहिल्यांदा ते पुढे गेले. आवाज काढून दाखवले नाहीत, उठून उभे राहिले नाहीत. टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे बघत सांगत होते.

"म्हातारपणी त्याला भागीदाराने फसवलं. सगळं गेलं. त्यातच घशाचा कर्करोग झाला. गिळता येईना, पुढे बोलताही येईना. मग तो शाल गुंडाळून खुर्चीत बसला आणि स्वतःच्या आठवणी लिहायला लागला. आपण गेल्यावर बायको रस्त्यावर येऊ नये म्हणून. दुखायचं, तरी लिहायचा. पुस्तक पुरं केलं आणि आठवडा उलटायच्या आत गेला."

"आणि बायको?"

"तिचं नीट झालं. पुस्तक खूप खपलं. शेवटपर्यंत तिला काही कमी पडलं नाही."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"यात तो जिंकत नाही ना," दो साब म्हणाले.

वहिनी उठून कुकरकडे गेल्या. ईराने पेन उचललं, पण लिहिलं नाही. मी जेवायला थांबलो नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी दो साबनी मुंबईच्या एका एजंटला फोन लावला, जहाजांना माणसं पुरवणाऱ्या. इथला नियम असा, की शिकणाऱ्या मुलीबरोबर आईला राहता येतं. बापासाठी तसली सोय नाही. ईराचा विद्यार्थ्याचा पास होईल, वहिनींना तिच्याबरोबर राहता येईल, आणि तिसऱ्याने समुद्रावर जायचं. हिशेब सरळ होता. फक्त पंधराएक वर्षं जमिनीवर काढलेल्या माणसाला दो साब म्हणून कोण घेणार? ट्रेनिंगचे कोर्स पुन्हा करून, वैद्यकीय तपासणीत पोट आत ओढून, त्यांना मिळाली ती एका जुन्या मालवाहू जहाजावरची फोर्थ इंजिनियरची जागा. बडा साब त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान.

"चार साब," ते फोनवर म्हणाले. "लेका, मी उलट मोजत चाललोय." आणि हसले. पण हसू मधेच संपलं. जहाज कसं आहे, विचारलं तर म्हणाले, "तरंगतं."

वहिनी त्या दिवसांत माझ्याशी एकदाच बोलल्या. "भाऊजी, त्या इंजिनरूमचा जिना उतरताना गुडघे धरतील हो यांचे. मी तो प्रश्न विचारायला नको होता." मी काहीतरी गुळमुळीत बोललो.

जहाज बाहेर नांगर टाकून उभं होतं. मरीना साउथ पियरवरून लाँचने जायचं. आम्ही सकाळी पोचलो. इमिग्रेशनच्या दारापलीकडे आम्हाला जाता येत नव्हतं. दो साबांच्या हातात एक बॅग, अंगात तोच कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. बॉयलर सूट घालायचा दिवसभर, तर आत इस्त्री कशाला, असं वहिनी म्हणत होत्या आणि स्वतःच्याच हाताने त्याची कॉलर नीट करत होत्या.

त्यांनी मला बाजूला घेतलं.

"पाठक्या, शेवटचं विचारतो. चोपन्नच्या केबिनमध्ये कोण आहे? खरं सांग. मी एकटाच आहे का?"

गेले सगळे दिवस मी शोधत होतो. ऑफिसात, एमआरटीच्या गाडीत, बायको झोपेचं सोंग घेई तेव्हा मोबाइलवर. मला माझ्यासारखी साधी माणसं सापडत होती, थोर कोणी सापडत नव्हतं. शेवटी मी सरळ थाप मारली.

"एक आहे," मी म्हटलं. "इंजिनवाला. नोकरी गेली, पास गेला. चोपन्नाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, दोन हुद्दे खाली उतरून जहाजावर चढला. पोरीची परीक्षा होती म्हणून."

"मग?"

"पुढचं अजून लिहिलेलं नाही."

दो साबनी डोळे बारीक केले. "नाव?"

"नाव घेतलं की लोक पुतळा बघतात."

"हुद्दा?"

"चार साब."

"इंग्लिश की अमेरिकन?"

"गुहागरचा."

ते इतक्या मोठ्याने हसले की दारावरचा अधिकारी उभा राहिला. माझ्या पाठीत त्यांनी एक जोरदार थाप दिली, ती अजून आठवते. मग ईराकडे वळले. तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हणणार होते, खात्री होती मला, कुठला तरी सुतार किंवा वकील तोंडाशी आला असणार. पण म्हणाले एवढंच, "गणिताचा पेपर शेवटपर्यंत तपासून दे. घाई करतेस." आणि दारातून आत गेले. मागे वळून पाहिलं नाही. वहिनी म्हणाल्या, "वळले असते तर बरं झालं असतं," आणि लगेच, "नाही, नकोच."

आम्ही पियरच्या गच्चीवर धावलो. खालून लाँच सुटत होती. समोर पाण्यावर दूरपर्यंत जहाजं उभी, त्यातलं कुठलं त्यांचं ते कळायला मार्ग नव्हता. लाँचच्या मागच्या भागात पांढरा शर्ट उभा होता. इतर खलाशी आत बसले होते, हे एकटे बाहेर.

त्यांनी आम्हाला पाहिलं. बॅग पायाशी ठेवली. पाय फाकवले, छाती काढली, हनुवटी वर केली आणि हाताची घडी घातली. हुबेहूब नदीकाठचा साहेब.

"ओ माय गॉड, पप्पा," ईरा म्हणाली आणि हसता हसता तिचा आवाज फाटला.

वहिनीसुद्धा हसल्या. ते तसेच उभे राहिले, लहान होत होत. मग लाँच बंदरातलं शांत पाणी सोडून बाहेर गेली, पहिली मोठी लाट आली, लाँच तिरपी झाली, आणि त्यांना घडी सोडून दोन्ही हातांनी कठडा धरावा लागला.

ईराने तोंडाभोवती हात धरले आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "पप्पा! सोडू नको! नीट धर, लाह!"

एवढ्या लांब ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण दिसत होते तोवर त्यांनी हात सोडले नाहीत.